ह्यूबरमानचं व्हायोलिन

पुणे

चि. सई,

अनेक आशीर्वाद.

व्हायोलिनवादक जोशुआ बेलच्या मैफलीबद्दल भरभरून लिहिलंस. तुमच्या वॉशिंग्टनमध्येच त्याचं ते व्हायोलिन ऐकायला मिळालं, याचा मला हेवाच वाटला. ते पूर्वी ह्यूबरमानकडून चोरीला गेलं होतं, एवढं तुला कुणीतरी सांगितलं. ‘मग बिचाऱ्याला ते परत मिळालं का?’ असं विचारलंयस. सगळंच सांगते.

स्ट्रॅडिव्हारीनं १७१३ साली क्रेमोनात घडवलेलं हे वाद्य ब्रॉनिस्लाव्ह ह्यूबरमान या पोलिश वादकाकडे होतं. १९१९मध्ये व्हिएन्नाच्या हॉटेलातून ते एकदा गेलं होतं. चोर विकायला निघाला आणि पकडला गेला. दुसऱ्या खेपेला तसं झालं नाही. २८ फेब्रुवारी १९३६. न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये ह्यूबरमान आपलं दुसरं व्हायोलिन, ग्वार्नेरी, वाजवत होता आणि इकडे आतल्या खोलीतून हे नाहीसं झालं.

ते गेलं ज्युलियन आल्टमन नावाच्या तरुण वादकाकडे. त्यानं स्वतः चोरलं की चोराकडून स्वस्तात घेतलं, याबद्दल आजही दोन मतं आहेत. पठ्ठ्यानं त्यावर बुटाचं पॉलिश चोपडलं आणि जवळजवळ पन्नास वर्षं चारचौघांत वाजवलं. तुमच्या वॉशिंग्टनच्या नॅशनल सिम्फनी वाद्यवृंदातसुद्धा! १९८५मध्ये मरणाच्या दारात त्यानं बायकोला खरं काय ते सांगितलं. पेटीत तिला चोरीच्या बातम्यांची जुनी कात्रणं सापडली. ज्यांनी ह्यूबरमानला विम्याची भरपाई दिली होती, त्या लंडनच्या लॉइड्सकडे तिनं १९८७मध्ये वाद्य सोपवलं आणि बक्षीसही घेतलं. जाणकारांनी कित्येक महिने खपून त्यावरची पुटं उतरवली. २००१मध्ये बेलनं ते सुमारे चाळीस लाख डॉलरला घेतलं.

ह्यूबरमान मात्र १९४७मध्येच गेला. ते त्याच्या हाती पुन्हा आलं नाही.

तरी त्याला बिचारा म्हणवत नाही गं. ज्या वर्षी व्हायोलिन गेलं, त्याच वर्षी तो भलत्याच मोठ्या खटपटीत होता. हिटलरच्या जर्मनीत ज्यू वादकांना वाद्यवृंदांतून काढून टाकलं जात होतं. युरोपातले असे वादक निवडून त्यांना पॅलेस्टाइनला न्यायचं, तिथे नवा वाद्यवृंद उभारायचा, असं त्यानं मनावर घेतलं होतं. त्यासाठी पैसे जमवायचे, परवाने मिळवायचे, बायकामुलांसह माणसं हलवायची. २६ डिसेंबर १९३६ला तेल अवीवमध्ये तोस्कानिनीच्या संचालनाखाली पहिली मैफल झाली. आजचा इस्रायल फिलहार्मोनिक तो हाच.

व्हायोलिन पन्नास वर्षं पॉलिशखाली तगून राहिलं. त्या वादकांच्या हाताशी एवढी वर्षं नव्हती. ह्यूबरमाननं त्यांना वेळेत बाहेर काढलं, म्हणून त्याचं नाव मी आधी त्या कामासाठी घेते, व्हायोलिनचं नंतर.

रियाज चालू ठेव. थंडी फार असेल, जप.

तुझी,
आत्या