भागूबाईचं अभय

आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान. ही चार दानं आपल्या मुलांना पाठशाळेतच पाठ होतात. पहिली तीन समजायला सोपी. ताटात वाढलं, औषध आणून दिलं, ग्रंथ छापून वाटले, की दान झालं. पावतीसुद्धा फाडता येते. अभयदान मात्र आपण फार सोयीचं करून टाकलंय. कसायाकडून बोकड सोडवला, पांजरपोळीला चाऱ्याचे पैसे पाठवले, की अभय दिलं असं आपण धरून चालतो. त्यानं जीव वाचतो, हे काही थोडं नाही. पण वाचलेल्या जिवाची भीती गेली का, हे बघायला आपण मागं थांबत नाही.

नेमिनाथांची कथा आपण राजुलच्या दुःखासाठी ऐकतो आणि डोळे पुसतो. पण त्या वरातीत एवढे लोक होते, वाजंत्री होती. कोंडलेल्या पशूंचा आक्रोश सगळ्यांच्याच कानावर पडला असणार. त्यातली भीती ऐकू आली ती एकट्या नेमिकुमारांना, आणि त्यांनी रथ वळवला. भ्यालेल्या जनावराची भाषा कळणं ही अभयदानाची पहिली पायरी आहे, असं मला वाटतं. ही पायरी मला दाखवली ती एका कुत्रीनं आणि माझ्या सासूबाईंनी.

तीन वर्षांमागं, बेळगावात पावसानं ठाण मांडलं होतं तेव्हा, धाकट्यानं एक तांबूस कुत्री उचलून आणली. जिन्याखाली पोतं घालून दिलं. आम्ही केरसुणी हातात घेतली की ती जागच्या जागी मुतायची. कुणी चप्पल घालायला वाकलं तरी भिंतीला चिकटायची. पोरांनी तिला ‘भित्री भागूबाई’ म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव पडलं, भागू.

पुढं एक दिवस शेजारचा सहा वर्षांचा मुलगा तिला कुरवाळायला म्हणून जिन्याखाली शिरला. तिचे दात त्याच्या मनगटाला ओरखडले. जखम लगेच साबणाच्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुतली, दवाखान्यात नेऊन इंजेक्शनं सुरू केली. मुलगा बरा झाला. पण त्याची आई म्हणाली, “काकू, आज मनगट, उद्या तोंड.” तिचं बरोबरच होतं. घरात दोन तट पडले. मिस्टरांचं म्हणणं, तिला लांब कुठंतरी सोडून या. धाकटा जेवेना. शेवटी अंगणाच्या एका कोपऱ्याला जाळी लावून घेतली, पोरांना तिकडं मज्जाव केला आणि दिवाळीपर्यंतची मुदत ठरली.

सासूबाईंना आम्ही अव्वा म्हणतो. त्यांचं सोवळं कडक, कुत्रं उंबऱ्याच्या आत त्यांना चालत नव्हतं. पण त्या रोज पहाटे मागच्या पडवीत सामायिकाला बसत. अठ्ठेचाळीस मिनिटं जागची हालचाल नाही, ओठातल्या ओठात जप. जाळी त्या पडवीला लागूनच होती. आठ-दहा दिवसांनी माझ्या लक्षात आलं की अव्वा बसल्या की भागू कोपऱ्यातून उठून जाळीपाशी येते आणि पुढच्या पायांवर डोकं टेकून पडते. मी कौतुकानं तिला हाक मारायला गेले, तर सामायिक आटोपल्यावर अव्वा म्हणाल्या, “बोलावू नकोस गं तिला. तिचं तिला येऊ दे. मला तिच्याकडनं काही नको आहे, म्हणून ती येतीया.”

जनावरांच्या वागण्याचा अभ्यास करणारे पुष्कळ पानं खर्चून जे सांगतात, त्याचं सार या वाक्यात आलं. भ्यालेल्या प्राण्याला सगळ्यात जास्त काय लागतं, तर लांब राहण्याची मोकळीक. आपण समोरून, डोळ्यांत बघत, वरून हात नेत जातो. आपल्या लेखी ती माया, त्याच्या लेखी तो हल्ला. म्हणून कडेला, पाठ अर्धी वळवून, जमिनीवर बसावं. नजर दुसरीकडं ठेवावी. भाकरीचा तुकडा थोडा लांब टाकावा आणि आपण गप्प राहावं. जवळ येऊन त्यानं वास घेतला तरी हात लगेच पुढं करू नये. पुढं हात लावायचा तो छातीला किंवा मानेच्या बाजूला, डोक्यावर नव्हे. आणि दोन-तीनदा कुरवाळून थांबावं. त्याला हवं असेल तर ते पुन्हा सरकतं, नको असेल तर निघून जातं.

भीती दातांवर येण्याआधी बरंच काही सांगत असते. झोप नसताना जांभई, ओठांवरून सारखी जीभ, तोंड फिरवणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, शेपूट पोटाखाली. शेवटी गुरगुर. गुरगुरलं म्हणून मारू नये. ती सूचना आहे. सूचना बंद केली की जनावर न सांगता चावतं. हे सगळं मी त्या शेजारच्या मुलाला शिकवलं. तो आता आमच्या गल्लीतला सगळ्यात हुशार जाणकार आहे.

मांजराचं थोडं निराळं. त्याच्याकडं टक लावून बघू नये, हळूच डोळे मिटावेत नि उघडावेत. 2020 साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी हे मांजरांवर करून पाहिलं, तर असं करणाऱ्या अनोळखी माणसाकडं मांजरं अधिक आली. गाईला मागून जाऊ नये. तिला दोन्ही बाजूंचं पुष्कळ दिसतं, पण शेपटीमागचं दिसत नाही. तिच्या खांद्याच्या बाजूनं, बोलत बोलत जावं आणि मानेखाली खाजवावं. गाई एकमेकींना तिथंच चाटतात. पर्युषणात आपली मंडळं पांजरपोळीत जातात तेव्हा हे ध्यानात असावं. पन्नास बायका, बांगड्यांचा आवाज, फोटो, आणि प्रत्येकीच्या हातात गूळ-पोळी. गाय मागं मागं सरते नि आपण म्हणतो, लाजते बाई. शिवाय गूळ, भात, पोळ्यांचा एकदम मारा झाला की तिच्या पोटात आंबट होऊन ती आजारी पडते. ओला-सुका चारा द्यावा, तोही तिथल्या गड्याच्या हातून.

घरगुती उपाय करताना एक सांभाळा. झाडपाल्याचं म्हणजे निर्धोक, असं नाही. निलगिरीचं तेल, टी ट्री तेल, कापूर हे कुत्र्या-मांजरांना विषासारखं बाधतं. मांजराचं यकृत असले पदार्थ नीट पचवू शकत नाही. मनुका आणि द्राक्षं कुत्र्याच्या मूत्रपिंडावर उठतात. कांदा-लसणानं त्याचं रक्त बिघडतं, पण ते आपल्या घरात नसतंच, तेवढी भागू सुरक्षित! आपली झोपेची गोळी तर कधीच देऊ नये. भीती फारच असेल, खाणं-पिणं सुटलं असेल, तर जनावरांच्या डॉक्टरांना विचारावं.

दिवाळी आली तोवर भागू अव्वांच्या हातून भाकरी घेत होती. फटाक्यांची तयारी आम्ही महिनाभर आधी केली. मोबाइलवर फटाक्यांचा आवाज अगदी बारीक लावायचा आणि तेव्हाच खाऊ द्यायचा. ती खाताना थांबली तर आवाज आणखी कमी. त्या रात्री आतली खोली दिली, खिडक्या लावल्या, पंखा मोठा केला, जुनी सुती साडी तिच्या अंगाभोवती बेतानं गुंडाळली. उंबऱ्याच्या आत तिला घेतलं ते अव्वांनीच. ती थरथरत त्यांच्या पायाशी आली, त्यांनी पाठीवर हात ठेवला. जवळ घेतल्यानं भीती वाढते असं काही जण म्हणतात, ते खरं नाही. भीती ही काही लाड केल्यानं वाढणारी खोड नव्हे. भागू रात्रभर थरथरली, पण मुतली नाही आणि कुणाला चावली नाही. पहाटे ती झोपली. मुदतीचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

त्याच पहाटे आम्ही बस्तीत निर्वाणलाडू चढवायला गेलो. महावीरांचं निर्वाण ते, आणि बस्तीच्या दारातच आपल्याच मुलांनी लवंगी माळ लावली होती. समोरच्या वळचणीची कबुतरं अंधारात उडून भिंतींवर आपटत होती.

बायांनो, यंदा आपापल्या बस्तीत एवढं ठरवून घ्या. लाडू चढेल, दिवे लागतील, आरती होईल. माळ नको. पाठशाळेत मुलांना चौथं दान शिकवायचं असेल, तर त्यांना गल्लीतल्या एखाद्या भित्र्या कुत्र्यापासून दहा हात लांब, रोज थोडा वेळ, काही न मागता बसायला सांगा. महिनाभरानं ते अंतर किती उरलं, ते मुलांनाच मोजू द्या.