हमी आणि हमखास

जर्मनीत स्थायिक झालेला आमचा एक माजी विद्यार्थी वीस वर्षांपूर्वीची पोर्शे ९११ घेणार होता. वाढीव हमीच्या कराराची कलमे त्याने आम्हांला फोनवर मराठीतून सांगितली. अकस्मात झालेला बिघाड भरून मिळेल. क्लच, ब्रेक, टायर यांची झीज मात्र नाही. वेगाच्या गाडीत जे हमखास झिजते, तेच हमीबाहेर!

तरी खरी धास्ती अकस्माताचीच. १९९७ साली आलेल्या ९९६ या पिढीपासून ९११ चे इंजिन पाण्याने थंड होऊ लागले. त्यातल्या एका मधल्या दांड्याचे लहानसे बेअरिंग फुटले, तर सारे इंजिन निकामी होऊ शकते. अमेरिकेत यावरून दावा झाला आणि २०१३ मध्ये तडजोड. फेरारीच्या एफ३५५ ची तऱ्हा निराळी : टायमिंग बेल्ट बदलण्यासाठीही इंजिन बाहेर काढावे लागते. म्हणजे काही न बिघडताच मोठा खर्च.

जाहिरात ही यंत्राची प्रस्तावना असेल, तर हमीसाठी मागितलेली रक्कम ही त्याची परखड समीक्षा होय, असे आम्हांला वाटले. गाडी घेऊ नकोस, असे आम्ही सुचवले.

त्याने गाडी घेतली, हमी नाही. तेवढे पैसे दुरुस्तीसाठी बाजूला ठेवले. "सर, झिजायचीच आहे, तर चालवून झिजू दे," तो म्हणाला.

आम्ही निरुत्तर झालो. कायम नोकरीच्या हमीत आम्ही वीस वर्षे उभे आहोत. झीज मात्र थांबलेली नाही.