बादलीतलं सांबार

मराठी घरात सांबार म्हणून जे होतं ती बहुतेक वेळा आमटीच असते. घोटलेली तुरीची डाळ, मोहरी-हिंगाची फोडणी, शेवग्याच्या चार शेंगा आणि शेवटी पुडीतला मसाला. भातावर ती झकास लागते. पण तिच्या शेजारी इडली आली की जीभ मान हलवते. हे ते नव्हे.

‘ते’ म्हणजे माटुंग्याचं. १९४० सालापासून चालत आलेल्या कॅफे मद्रासमध्ये मिळतं ते, किंवा स्टेशनाजवळ १९४२मध्ये सुरू झालेल्या रामा नायकांच्या उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंगमध्ये केळीच्या पानावर भाताच्या आळ्यात ओततात ते. पातळ, तांबूस, आधी गोडसर लागणारं आणि मग घशाशी हळूच चुणचुणणारं. वाटी रिकामी झाली की बादली घेऊन कुणीतरी येतं आणि विचारायच्या आत डाव ओतून पुढे जातं.

घरी तसं करायचं म्हटलं की माणूस मसाल्यामागे लागतो. लागावंच. उडुपी पद्धतीचा मसाला खोबरेल तेलात परततात. खोबरेल म्हटलं की आमच्या देशावरच्या माणसाचा हात आधी डोक्याकडे जातो, तो कढईकडे वळवावा लागतो. धणे, हरभऱ्याची डाळ, थोडी उडदाची डाळ, जिरं, मोजक्या मेथ्या, कढीपत्ता आणि बेडगी मिरच्या. मेथ्यांवर नजर हवी. त्या लालसर झाल्या की थांबायचं, पुढे गेल्या तर सगळं वाटण कडू. मिरची बेडगीच घ्यावी. हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगी गावावरून ओळखली जाणारी ही सुरकुतलेली मिरची रंग भरपूर देते आणि तिखटपणा बेताचा ठेवते; लवंगी घातली तर रंगाआधी ठसकाच येतो. मग हे सगळं ओल्या खोबऱ्याबरोबर गंधासारखं बारीक वाटायचं. परतलेल्या डाळी इथे चवीबरोबर दाटपणाचंही काम करतात. कढीपत्ता माटुंग्याच्या बाजारातून आणला तर घरी पोचेपर्यंत पिशवीच सांबाराचा वास मारू लागते.

एवढं सगळं साधलं तरी पातेल्यात आमटीच उकळताना दिसते. कारण डाळ.

हॉटेलातल्या सांबारात डाळ आपल्याला वाटते त्याहून फार कमी असते. अंग येतं ते लाल भोपळ्यानं. तो डाळीबरोबरच कुकरला लावायचा आणि घोटून पार नाहीसा करायचा. चिंचेचा कोळ त्यानंतर. आंबटात डाळही मऊ होत नाही आणि भोपळाही विरघळत नाही, म्हणून हा क्रम चुकवून चालत नाही. फोडी शाबूत हव्यात त्या भाज्यांचं उलटं: वांगं, शेवगा, छोटे मद्रासी कांदे कोळात उकळले तरी आकार धरून राहतात. मग गुळाचा खडा. तमिळ घरांत त्यावर नाक मुरडतील, पण उडुपीवाल्याचं त्यावाचून चालत नाही.

आणि पाणी. भरपूर पाणी. इथे हात अडतो. आपल्याकडे आमटी पातळ होते ती पाहुणे अवचित आले तरच. घट्ट डाळ म्हणजे घर नीट चाललंय, मुलांच्या पोटात काहीतरी जातंय. पाण्याचं भांडं कललं की पिढ्यान् पिढ्यांच्या आया मनगट धरतात. हॉटेलची गोष्ट वेगळी. तिथे पहाटेपासून येणारा प्रत्येक जण पाहुणाच, त्यामुळे सांबार जन्मतःच वाढवलेलं. त्यात मालकाची काटकसर आहे हे उघड आहे. बादलीतून फुकट वाढायचं तर डाळ किती घालणार? पण ती काटकसरच चवीच्या कामी येते. इडली जाळीदार असते, पातळ सांबार ती पिऊन घेते. घट्ट डाळ नुसती तिच्या डोक्यावर बसून राहते. मेदूवड्याचं तर विचारूच नका. बुडवलेला वडा आतपर्यंत ओला झाला नाही तर बुडवला कशाला?

म्हणून माझं मत असं, की हॉटेलचं सांबार घरी करताना मसाला मिळवणं सोपं, माया आवरणं अवघड. डाळ मुठीनं घेऊन त्यातली थोडी डब्यात परत टाकायची, आणि सांबार झालं की तासभर झाकून बाजूला ठेवायचं. हिंग, चिंच, गूळ तेवढ्यात एकमेकांशी बोलायला लागतात.

रविवारी असं केलं. मुलांनी वाट्या पुन्हा पुढे केल्या, मी बादली नसली तरी पातेलं घेऊन टेबलाभोवती फिरलो. आईनं डाव घालून तळ ढवळला, वर उचलला, धार पाहिली आणि म्हणाली, “डाळ संपली होती तर सांगायचं नाहीस का? खालून आणली असती.”