हप्ता भरला, पण उशिरा भरला

आज पिकाचं नाही, कागदाचं लिहितोय.

मार्च आला की आपल्याकडं सोसायटीच्या नव्या-जुन्याची धांदल असते. हातउसने घ्या, पाव्हण्याकडून आणा, पण ३१ तारखेच्या आत पीककर्ज भरायचंच. ३ लाखांपर्यंतचं कर्ज मुदतीत भरलं तर शून्य टक्क्यानं पडतं. चुकलं तर व्याज बसतं नि पुढचं कर्जही अडतं. त्यात मी कधी चुकलो नाही.

चुकलो ते ट्रॅक्टरच्या हप्त्यात. सहामाही हप्ता, तारीख १० जानेवारी. ऊस डिसेंबरातच गेलेला. कायद्यानं १४ दिवसांत पैसे यायला पाहिजेत, पण बिल आलं मार्चमध्ये. १२ मार्चला दंडासकट हप्ता भरला, पावती घेतली, विषय संपला म्हटलं. पुढच्या वर्षीही तसंच झालं. आपल्या हिशेबात दंड भरला म्हणजे फिटलं. कोण कुणाचं ठेवून घेतं?

यंदा दोन एकर उसाला ठिबक करायचं ठरवलं. कॅनॉलचं आवर्तन कधी येईल त्याचा भरवसा नाही. अनुदान आहे, पण आधी सगळे पैसे आपण घालायचे, अनुदान मागनं खात्यावर येतं. म्हणून एका बँकेत कर्ज मागितलं. सातबारा, आठ अ, बेबाकी दाखला, सगळं दिलं. आठ दिवसांनी साहेब म्हणाले, "काका, थकबाकी काही नाही तुमची. पण सिबिल बसत नाही."

मी म्हटलं, थकबाकी नाही तर अडतंय कुठं? त्यांनी स्क्रीन फिरवून दाखवली. महिन्या-महिन्याचे रकाने. वेळेवर भरलं तिथं तीन शून्यं. जानेवारीत २१, फेब्रुवारीत ४९. हे रुपये नव्हेत, उशिराचे दिवस. मागच्या ३६ महिन्यांचं असं दिसतं. हप्ता भरल्यावर पुढचे रकाने साफ होतात, पण झालेला उशीर पुसला जात नाही. बिल उशिरा आलं हे लिहायला त्यात रकानाच नाही.

खरं सांगायचं तर चूक माझीही आहे. बिल लांबतंय हे जानेवारीतच कळलं होतं. तेव्हाच दोन शेरडं विकून निम्मा हप्ता भरता आला असता. सोसायटीसाठी हातउसने करतो, मग ट्रॅक्टरसाठी का नाही केले? तिथं गाव बघतं, इथं कुणी बघत नाही, असं वाटलं.

पोराला बसवून मोबाईलवर पूर्ण रिपोर्ट काढला. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. त्यात आणखी एक निघालं. भावकीतल्या एकाला जामीन राहिलो होतो, ते कर्जही माझ्या नावाखाली दिसतंय. त्याचा शेवटचा हप्ता कधी गेला ते मला माहीतच नव्हतं. संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन आलो. बोलणं जरा कडूच झालं.

एका एकराचं ठिबक रोखीनं केलं. दुसरं एकर पाटपाण्यावरच. ट्रॅक्टरच्या हप्त्याची तारीख एप्रिलमध्ये सरकवून द्या म्हणून लेखी अर्ज दिलाय, पोच घेतलीय. कांद्याचे पैसे आले ते वेगळ्या खात्यात टाकलेत, घरात कुणाला सांगितलं नाही.