दुधाचाच तर दात

आमच्या कपाटातल्या निळ्या फायलीत एका दवाखान्याचा केसपेपर आहे. तारीख १४ सप्टेंबर २०२१. वर लेकीचं नाव, वय सात, आणि खाली डॉक्टरांच्या घाईच्या अक्षरात एकच ओळ : खालची डावी, दुधाची दुसरी दाढ काढली. ओळ संपते तिथे, अगदी कागदाच्या कडेला, इंग्रजी दोन अक्षरं आहेत. एस. एम. ती मी पहिल्यांदा वाचली दोन वर्षांनी, आणि तेव्हाही मला त्यांचा अर्थ कळला नाही. कळला तेव्हा जो संताप आला तो अजून पुरता उतरलेला नाही, म्हणून हे लिहितेय.

आम्ही मिरजेचे. नवऱ्याच्या नोकरीसाठी बेंगळुरूला आलो त्याला बारा वर्षं झाली. बनशंकरीत राहतो, सासूबाई आमच्याजवळ असतात, मी घरून हिशेबाची कामं करते. लेक पहिलीत गेली तेव्हा शाळा लॅपटॉपच्या पडद्यावर भरायची. एका हाताला पेन्सिल, दुसऱ्या हाताला बिस्किटांची वाटी. पोरीने जागेवरून उठू नये म्हणून ती वाटी मीच भरून ठेवत होते. रात्री झोपताना साखर घातलेलं दूध, आणि त्यावर चूळसुद्धा नाही. पुढचं वेगळं सांगायला नको.

गणपतीत दाढ ठणकायला लागली. गौरी जेवल्या त्या रात्री पोर गालाला हात लावून पहाटेपर्यंत बसून होती. हिरडीवर पुळी आली होती. सकाळी घराजवळच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर तरुण, बोलायला मऊ, हाताने हलके. मी विचारलं, "काढलीच पाहिजे का?" ते म्हणाले, "हालु हल्लु अल्वा अम्मा, हेगिद्रू बीळत्ते." दुधाचा दात ना, कसाही पडणारच. सासूबाईंना कानडी मिरजेपासूनच येतं. त्या म्हणाल्या, "बघ, मी रात्रभर हेच सांगत होते. दुधाचाच तर दात!" दोन भाषांत एकच वाक्य, आणि दोन्ही माणसं माझ्यापेक्षा जाणती. माझा जीव भांड्यात पडला. दहा मिनिटांत दाढ कापसात गुंडाळून हातात आली.

सासूबाईंच्या माहेरी पडलेला दात शेणात घालून कौलांवर टाकायचे. इथे कौलं कुठली? आम्ही गच्चीवरून वॉचमनच्या शेडच्या पत्र्यावर टाकला. तो टण्णकन वाजला, लेकीने टाळ्या पिटल्या आणि मीही हसले. ते हसणं आठवलं की अजून जिवाला लागतं.

जुलै २०२३ मध्ये शाळेत दंततपासणीचं शिबिर झालं. चिठ्ठी दप्तराच्या तळाशी आठवडाभर पडून होती. तिच्यावर 'ऑर्थो'समोर, म्हणजे दातांच्या ठेवणीसमोर, खूण केलेली. मी एका मोठ्या, चकचकीत दवाखान्यात गेले. तिथे डॉक्टरांच्या आधी हातात टॅब घेतलेल्या बाई भेटल्या. नववं वर्ष म्हणजे अगदी योग्य वेळ, दोन्ही जबड्यांना तार, पैसे हप्त्याने, आजच नाव नोंदवलं तर सूट. लेकीचं तोंड तोवर कुणी उघडून पाहिलंही नव्हतं. मी उठून आले. शेजारच्या मावशी म्हणाल्या, सरकारी डेंटल कॉलेजला जा, वेळ लागेल पण नीट बघतील.

बनशंकरीहून मेट्रोच्या ग्रीन लाइनने सहावं स्टेशन के. आर. मार्केट. तिथून फुलांच्या ढिगांमधून वाट काढत किल्ल्याच्या बाजूला गेलं की व्हिक्टोरिया हॉस्पिटलच्या शेजारी हे कॉलेज लागतं. १९५८ मध्ये ते सुरू झालं. माझ्यासारखीला तिथे जायचं सुचायला मात्र शेजारणीने सांगावं लागलं. रांगेत कुठून कुठून आलेली माणसं होती, पोरांना कडेवर घेतलेल्या बायका होत्या. वेळ लागलाच. पण आत जी विद्यार्थिनी डॉक्टर भेटली ती निपाणीची निघाली. आमचं बोलणं ऐकून म्हणाली, "काकू, मराठीतच बोला की."

तिने एक्स-रे काढायला लावला. मग केसपेपरच्या मागच्या बाजूला पेन्सिलने जबडा काढला आणि जे सांगितलं ते मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. मुलाच्या तोंडात दुधाचे वीस दात असतात, आणि सहाव्या वर्षाच्या सुमारास शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे एक मोठी दाढ गुपचूप येते. ती येताना आधीचा कुठलाही दात पडत नाही, म्हणून आईबापांना ती दुधाचीच वाटते. ती असते कायमची, जन्मभर चावायची. एडवर्ड अँगल नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने १८९९ मध्ये दातांच्या ठेवणीचे प्रकार ठरवले, ते याच दाढेवरून. आजही वर्गात ते तसेच शिकवतात, असं ती म्हणाली. या दाढेला एक खोड असते. पुढे जागा मोकळी दिसली की ती पुढे सरकते. तिला थोपवून धरते दुधाची दुसरी दाढ. ही दुधाची दाढ दहाव्या ते बाराव्या वर्षी पडायची असते, आणि तिच्या मुळाखाली तोवर कायमची उपदाढ तयार होत असते. आमच्या लेकीची दुधाची दाढ सातव्या वर्षीच गेली. मागच्या दाढेला कुणी अडवलं नाही. ती पुढे झुकली. उपदाढेला वर यायला सात मिलिमीटर हवे होते, तिथे चार उरले होते.

एक्स-रेत ती उपदाढ दिसत होती. हाडाच्या आत, दार लावून घेतलेल्या खोलीत अडकलेल्या माणसासारखी. लेकीने विचारलं, "ती रडते का?"

"दाढ काढल्यावर रिंग बसवली नव्हती का?" डॉक्टर मुलीने विचारलं. दाढेभोवती धातूची पट्टी आणि पुढे तारेचा एक फास, जागा राखून धरायला. स्पेस मेंटेनर. मी नाही म्हणाले. असं काही असतं हेच मला ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, जुने कागद असले तर पुढच्या वेळी आणा. म्हणून फाईल उघडली आणि ती दोन अक्षरं सापडली. पुढच्या खेपेला मी कागद तिच्यापुढे धरला. तिने वाचला आणि गप्प बसली. मग हळूच म्हणाली, "काकू, त्यांनी लिहिलं होतं. एस. एम. म्हणजे स्पेस मेंटेनर."

त्यांनी लिहिलं होतं! म्हणजे त्यांना माहीत होतं. ज्या डोक्याला हे माहीत होतं त्याच तोंडाने "हेगिद्रू बीळत्ते" म्हटलं. मी समोर बसले होते, दीड फुटावर. दाढ जाईल पण जागा राखायला हवी, नाहीतर मागची पुढे येईल : एवढं एक वाक्य. कानडीत, हिंदीत, मोडक्या इंग्रजीत, कशातही. सासूबाईंनी मला समजावून दिलं असतं. ते बोलायला जितका वेळ लागला असता त्याहून कमी वेळात दोन अक्षरं लिहून झाली, आणि ती लिहिली कुणासाठी? मला वाचता येणार नाहीत. लेकीला येणार नाहीत. तो कागद घरी न्यायला दिला होता, म्हणजे दवाखान्यातही कुणी वाचणार नव्हतं. मग ती कुणाला उद्देशून होती? उद्या कुणी जाब विचारला तर दाखवायला? की हात आपोआप लिहून गेला? रात्र रात्र मी हा विचार केला. मिक्सर लावताना, कपडे वाळत घालताना तेच. जागा बहुतेक पहिल्या सहा महिन्यांतच जाते असं निपाणीच्या मुलीने सांगितलं होतं. ते सहा महिने मी मनात मोजत बसे. तिळगुळाच्या वेळी दाढ किती सरकली असेल? होळीपर्यंत? आम्ही पुरणपोळ्या खात होतो तेव्हा ती आत हलत होती.

एका रात्री नवरा म्हणाला, "अगं, त्या दिवशी पैसे भरताना काउंटरवरच्या मुलीने पंधरा दिवसांनी या म्हणून सांगितलं होतं. काहीतरी बसवायचंय, असं." त्याला वाटलं, पैसे काढायचा धंदा आहे. दुखणं थांबलं होतं, पोर खेळत होती. तो विसरला आणि मला बोललाच नाही.

हे ऐकल्यावर मी काय करावं? दोन महिने ज्या माणसाला मनातल्या मनात कोर्टात उभं केलं होतं, त्याने निदान निरोप धाडला होता. नवऱ्याशी भांडले. मग आठवलं, मी तरी पंधरा दिवसांनी कुठे विचारलं होतं, खड्डा भरला का, पुन्हा दाखवायचं का म्हणून? सासूबाईंना तर काही बोलायचंच नव्हतं. त्यांच्या पिढीत दात दुखला की लवंग, हलला की दोरा, एवढंच होतं. तरीही माझं मत बदललेलं नाही. आईशी बोलायची गोष्ट काउंटरवर सोपवायची नसते. पोराच्या तोंडातून काही काढून घेताना पुढे काय होणार हे सांगणं हा त्या कामाचाच भाग आहे. राग अर्धा झालाय खरा. अर्धा आहे.

तार लावायची घाई कॉलेजातल्या सरांनी करू दिली नाही. ते म्हणाले, आधी गेलेली जागा परत मिळवू. खालच्या जबड्याची एक प्लेट बनवली, तिच्यात बारीक स्क्रू. ठरलेल्या दिवशी छोट्या किल्लीने पाव फेरा द्यायचा, म्हणजे दाढ जराशी मागे. रविवारी आणि बुधवारी रात्री जेवणं झाली की लेक प्लेट तळहातावर ठेवून माझ्यापुढे धरायची आणि मी किल्ली फिरवायची. पहिला महिना तिचा 'स' 'श' होत होता, वर्गात मुलं चिडवत. डब्याच्या वेळी प्लेट रुमालात गुंडाळली आणि रुमालासकट कचऱ्यात गेली, असं एकदा झालं. पुन्हा माप, पुन्हा के. आर. मार्केट. आठ महिने गेले. त्यानंतर मिळालेली जागा धरून ठेवायला दातांच्या आतल्या बाजूने एक तार चिकटवली. हे सगळं त्या एका पट्टीने आणि फासाने टळलं असतं.

मला हल्ली कुणी विचारलं तर मी सांगत सुटते. अमेरिकेतल्या ऑर्थोडॉन्टिस्टांची संघटना सांगते की सात वर्षांचं होईपर्यंत मूल एकदा तरी दाखवावं. दाखवावं म्हणजे तार लावावी असं नव्हे. बहुतेकांना तेव्हा काहीच करावं लागत नाही, फक्त बघून ठेवायचं असतं. पहिला दात आल्यावर सहा महिन्यांत दंतवैद्याकडे एक फेरी व्हावी, हे तर आमच्या गावीही नव्हतं. सातआठ वर्षांपर्यंत ब्रश मोठ्या माणसाने फिरवावा, पोराच्या हाती देऊन मोकळं होऊ नये. आणि बेंगळुरूच्या आयांमध्ये फ्लोराइडची जी धास्ती आहे तिच्याबद्दल बोलायलाच हवं. कोलार, चिक्कबळ्ळापूरकडे बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त, तिथल्या मुलांच्या दातांवर डाग पडतात, हे खरं आहे. आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूरचीही तीच कथा. टँकरचं पाणी कुठून येतं कुणाला माहीत, म्हणून इथे बायका मुलांना बिनफ्लोराइडची पेस्ट देतात. मीही दिली होती. पाण्याची भीती पेस्टवर काढली आणि किडीला दार उघडून दिलं. पाणी तपासून घेता येतं. पेस्ट तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी आणि पुढे वाटाण्याएवढी घेतली, मूल ती गिळत नाही ना एवढं पाहिलं, की काम होतं.

त्या घराजवळच्या दवाखान्यात मी गेल्या वर्षी पुन्हा गेले, माझी स्वतःची दाढ भरायला. कागद पिशवीत होता. विचारायचंच असं ठरवून गेले होते. आत एक सहासात वर्षांचा मुलगा खुर्चीत, बाजूला त्याची आई. दारातून ऐकू आलं, "हेगिद्रू बीळत्ते." माझा नंबर आला तेव्हा मी कागद काढलाच नाही. डॉक्टर दमलेले दिसत होते, बाहेर अकरा माणसं बसली होती. पण जिन्यात ती आई रुमालाने पोराचं तोंड पुसत थांबलेली दिसली आणि मी तिला माझ्या मोडक्या कानडीत सांगितलं, जागा राखायला पट्टी लागते, पंधरा दिवसांनी ये आणि मागून घे. तिने आधी माझ्याकडे संशयाने पाहिलं. मग तिच्या हातातला कागद मला दाखवला. शेवटी, कडेला, तीच दोन अक्षरं होती.

लेकीची उपदाढ जून २०२५ मध्ये वर आली, थोडी फिरलेली. तार लागेल की नाही ते बाराव्या वर्षी बघू, असं सरांनी सांगितलंय.