बुद्धिबळातली गुणवत्ता कुठून सुरू होते?

मुलुंडच्या एका हॉलमध्ये रविवारची रॅपिड स्पर्धा होती. मी घाटकोपरच्या रमाबाई नगरातला, वस्तीच्या कट्ट्यावर खेळत शिकलेला. समोर अकरा वर्षांचा मुलगा. पांढरी त्याची, काळी माझी.

डाव 'इटालियन' पद्धतीने सुरू झाला. दोघांची राजापुढची प्यादी, मग घोडे, मग त्याचा उंट सी-४ वर. मी दुसरा घोडा काढला, त्याने आपला घोडा जी-५ वर आणला. मी डी-५ ला प्यादं सारलं, त्याने ते मारलं. पाचव्या खेळीत मी घोड्याने परत मारलं. कुणालाही सुचेल अशी सरळ खेळी. त्याने घड्याळाकडेही न बघता घोड्याचा बळी देऊन एफ-७ चं प्यादं उडवलं. माझा राजा उघड्यावर आला, किल्लेकोट राहूनच गेला. वीस खेळ्यांत मी हरलो.

हात मिळवताना तो म्हणाला, "काका, तिथे मारायचं नसतं. घोडा ए-५ ला न्यायचा. क्लासमध्ये शिकवतात."

बाहेर एक पालक सांगत होते, "इथे आरक्षण नाही, म्हणून खरी गुणवत्ता दिसते."

त्या मुलाचा मला राग नाही, तो छानच खेळला. पण ती खेळी त्याने पटावर शोधलेली नव्हती. 'फ्राइड लिव्हर' हा हल्ला सुमारे चारशे वर्षं जुना आहे. त्याला तो क्लासमध्ये मिळाला, मी त्याचं उत्तर चालत्या घड्याळासमोर एकटा शोधत होतो. मग मोजलं काय गेलं, बुद्धी की आयती मिळालेली शिदोरी?

कुणी सुलतान खानचं उदाहरण देईल. पंजाबच्या सर उमर हयात खान यांच्या पदरी असलेला हा माणूस देशी नियमांचं बुद्धिबळ शिकला. त्यात प्यादं पहिल्या खेळीतही एकच घर सरकतं. तरी त्याने १९२९, १९३२ आणि १९३३ साली ब्रिटिश अजिंक्यपद जिंकलं, कापाब्लांकालाही हरवलं. म्हणजे गुणवत्ता वर येतेच? मग त्याच्यासारखे डझनभर का दिसत नाहीत? आणि फिडेने त्याला मानद ग्रँडमास्टर केलं ते २०२४ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर ५८ वर्षांनी!

पुढच्या रविवारी विहाराच्या अभ्यासिकेत मी तोच डाव मांडला. पाचव्या खेळीशी थांबून विचारलं, "आता काय?" एक मुलगी म्हणाली, "घोड्याने मारा." माझ्यासारखीच चुकली. मग मी ए-५ दाखवलं.

आता ती खेळी आमच्या पोरांनाही ठाऊक आहे. गुणवत्तेची गोष्ट इथून पुढे बोलू.

जय भीम!