पळसाचं घर

पळस आमच्याकडे आला तो 2008च्या ऑक्टोबरात. मिशिगनमधली झाडं तेव्हा पेटल्यासारखी दिसत होती आणि त्याचा रंगही तोच होता: केशरी अंग, पाठीवर लाल ठिपक्यांची रांग, प्रत्येक ठिपक्याला पांढरी कड. डोळेसुद्धा लाल. बायकोने त्याला बघताक्षणी पळस म्हटलं आणि तेच नाव राहिलं. वीतभराहून थोडा लांब, पेन्सिलीएवढा जाड. आमची लेक अकरा वर्षांची होती. तिला साप हवा होता आणि तो नीट सांभाळायची तिची तयारीही होती.

जात कॉर्न स्नेकची. न्यू जर्सीपासून फ्लोरिडापर्यंत अमेरिकेच्या आग्नेय भागात आढळणारा हा बिनविषारी साप भक्ष्याला विळखा घालून मारतो. रानातला कॉर्न स्नेक इतका झगझगीत नसतो, त्याच्या ठिपक्यांना काळी कड असते. काळं रंगद्रव्यच नसलेला एक नर 1953 साली नॉर्थ कॅरोलायनात सापडला. डॉ. बर्नार्ड बेक्टेल यांनी त्याच्यापासून पैदास केली आणि पुढे असे केशरी साप घरोघरी पोचले. पळसही असाच, माणसाच्या हाताखाली अंड्यातून निघालेला. आपल्याकडचा तस्कर साप त्याच्या नात्यातला. पूर्वी दोघांच्या शास्त्रीय नावातला पहिला शब्द एकच होता. पण भारतात कुठलाही देशी साप असा घरात ठेवता येत नाही. 1972चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, आणि तो आहे हे मला मनापासून पटतं. तस्कराची जागा बांधावर, कपारीतच आहे.

पहिली दोन वर्षं तो आधी प्लॅस्टिकच्या डब्यात आणि मग कुणीतरी वापरून विकलेल्या काचेच्या टाकीत राहिला. टाकी मुळात माशांची, वर जाळीचं झाकण. मिशिगनच्या हिवाळ्यात घर तापवणारी भट्टी दिवसरात्र चालते आणि घरातली हवा पापडासारखी कोरडी होते. जाळीतून टाकीतली ऊब जायची, ओलही जायची. 2010च्या जानेवारीत पळसाची कात तुकड्यातुकड्यांनी निघाली. निरोगी सापाची कात ओठांपासून सुटते आणि मोजा उलटा काढावा तशी अखंड उतरते, डोळ्यांवरच्या पारदर्शक खवल्यांसकट. सापाला पापण्या नसतात, तेच खवले त्याचे डोळे राखतात. पळसाच्या शेपटीच्या टोकाला जुन्या कातीचं एक कडं राहिलं होतं. असं कडं सुकून आवळलं की रक्त पोचत नाही आणि टोक झडतं. लेकीने त्याला कोमट ओल्या टॉवेलात गुंडाळून मांडीवर धरलं. अर्ध्या तासाने तो टॉवेलातून सरपटत बाहेर आला तेव्हा कडं आत राहिलं होतं.

त्याच रात्री ठरलं, घर बांधायचं. विकतचा चांगला पिंजरा त्या वेळी चारशे-पाचशे डॉलरच्या खाली मिळत नव्हता.

तेव्हा अमेरिकेत घराघरातून जुने डबा टीव्ही बाहेर पडत होते. भिंतीला टांगायचे चपटे टीव्ही आल्यावर त्या डब्यांची कपाटं कुणालाच नकोशी झाली. लोक ती कचऱ्याच्या गाडीच्या आदल्या संध्याकाळी रस्त्याच्या कडेला ठेवून द्यायचे. पण जुना टीव्ही मागे चांगला हातभर पसरलेला असायचा, म्हणून कपाटही खोल. आम्हाला मिळालेलं चार फूट रुंद, दोन फूट खोल आणि तेवढंच उंच होतं. पूर्ण वाढलेला कॉर्न स्नेक तीन ते पाच फुटांचा होतो. त्याला अंग सरळ ताणता यावं, एका टोकाला तापता यावं, दुसऱ्या टोकाला निवता यावं, तर चार फूट लांबी लागतेच. टीव्हीच्या मापाने केलेलं ते कपाट सापाच्या मापाचं निघालं.

लाकूड म्हणाल तर भुशाचा दाबलेला बोर्ड, वर लाकडाच्या रंगाचा कागद. असल्या बोर्डाची कापलेली कड उघडी राहिली की पाणी पिऊन फुगते. पळसाच्या पाण्याचं भांडं मोठं ठेवायचं होतं, त्यामुळे सगळी मेहनत त्या कडांवर घेतली. वॉटर-बेस्ड पॉलियुरेथेनचे हात मारले, प्रत्येक हात वाळल्यावर घासून पुन्हा. आतल्या सांध्यांना सिलिकॉन, तेही माशांच्या टाकीला चालणारं. बुरशी मारणारं औषध मिसळलेलं नव्हे. सिलिकॉन वाळेपर्यंत व्हिनेगरसारखा वास सोडतो. तो वास पूर्ण जाईपर्यंत साप आत सोडायचा नाही, हे लेकीने दारावर चिकटवलेल्या कागदावर लिहून ठेवलं होतं. मागची फळी पातळ पुठ्ठ्याची होती, ती काढून प्लायवूड ठोकलं. हवेसाठी ऊबदार बाजूला वर आणि थंड बाजूला खाली भोकं पाडून आतून बारीक धातूची जाळी बसवली. गरम हवा वरून निघते, ताजी खालून येते, आणि टाकीसारखी सगळी ओल एका क्षणात उडून जात नाही.

दाराला सरकत्या काचा. वरची पट्टी खोल, खालची उथळ. काच आधी वरच्या खाचेत पूर्ण चढवायची, मग खाली टेकवायची; काढताना पुन्हा उचलून. दोन काचा जिथे एकमेकींवर येतात तिथे एक फट राहते, बोटाचं टोकही जेमतेम शिरेल एवढी. सापाचं डोकं शिरलं की अंग शिरतं. पळस पहिल्याच संध्याकाळी ती फट शोधून नाक घासायला लागणार हे लेकीला ठाऊक होतं, म्हणून काचेच्या कडेला मऊ पारदर्शक पट्टी चिकटवली आणि सराफाच्या शोकेसला असतं तसं दातेरी पट्टीचं कुलूप लावलं.

आई त्या उन्हाळ्यात कराडहून आमच्याकडे आली होती. उसाच्या मळ्यात धामण दिसली तर कुणी काठी उचलायची नाही, हा आमच्या घरचा जुना दंडक. पळसाला बघून तिने एकच विचारलं, "उंदीर खातो ना?" खातो म्हटल्यावर म्हणाली, "मग आपल्यातलाच." नागपंचमी त्या वर्षी शनिवारी आली, म्हणजे आमच्या सुतारकामाच्या दिवशी. सकाळी करवत काढली तर आई दारात उभी. "अरे, आज चिरायचं-कापायचं नसतं. तव्यावर काही टाकायचं नाही, जमीन खणायची नाही. आणि तू सापाच्याच घराला करवत लावतोस?" मी करवत खाली ठेवली. तिने पाटावर नाग काढला, दूध-लाह्या वाहिल्या, पुरणाची दिंडं उकडली. लेकीने विचारलं, "आजी, पळसाला दूध द्यायचं?" आई म्हणाली, "दूध या पाटावरच्याला. त्याला त्याचा उंदीर." आमच्या पलीकडच्या बत्तीस शिराळ्यात एकेकाळी जिवंत नाग पकडून पुजले जात, ते तिने लहानपणापासून पाहिलेलं. चित्रातल्या नागाची पूजा तिला अधिक बरी वाटते, असं ती तेव्हा म्हणाली. मलाही तसंच वाटतं.

पैसे वाचवायचे नव्हते ते एकाच ठिकाणी: थर्मोस्टॅट. सापाच्या अंगात स्वतःची ऊब नसते, खाल्लेलं पचतं ते बाहेरच्या उष्णतेवर. ऊबदार बाजूला तीस अंश सेल्सियसच्या आसपास, थंड बाजूला बावीस-चोवीस. दिवा उजेड न देता फक्त तापणारा, चिनी मातीचा. त्याच्याभोवती जाळीचा पिंजरा, कारण साप गरम वस्तूला वेटोळं घालून बसतो आणि भाजेपर्यंत सोडत नाही. थर्मोस्टॅटचा सेन्सर तिथेच, ऊबदार टोकाला बांधलेला. कपाट फुकटच होतं, तरी काचा आणि थर्मोस्टॅट धरून सव्वाशे डॉलरच्या आसपास गेले.

आत अ‍ॅस्पेनच्या लाकडाचा किस घातला, कारण त्यात केलेली बिळं ढासळत नाहीत. देवदाराचा वासाचा भुसा मात्र सापाला बाधतो. आणि लपायला दोन जागा, एक गरम टोकाला, एक थंड टोकाला. यावर मी अडून बसलो होतो. एकच जागा ठेवली आणि ती थंड बाजूला असली, तर साप तिथे गारठून बसेल पण उघड्यावर ऊब घ्यायला येणार नाही. त्याला आधी आडोसा लागतो, मग ऊब. आणि आडोसाही ऐसपैस नको, चारी बाजूंनी अंगाला टेकणारा हवा. कुंडीखालच्या ताटल्या उपड्या घालून एका बाजूला खाच पाडली, झालं.

पळस आत गेला आणि काठाकाठाने, जीभ आतबाहेर करत, सगळं फिरला. मग मध्ये बसवलेल्या फांदीवरून उतरून तळावर नाकापासून शेपटीपर्यंत सरळ झाला. दोन वर्षांत त्याला असा ताणलेला आम्ही पाहिला नव्हता.

पुढच्या हिवाळ्यात कात अखंड निघाली. त्याआधी काही दिवस डोळे दुधाळ निळे झाले, मग स्वच्छ झाले, मग एका सकाळी फांदीला पूर्ण कात लटकलेली. लेकीने ती पट्टीवर मोजून वहीत चिकटवली. ती वही अजून आहे.

2015 साली ती कॉलेजला गेली आणि पळस माझ्याकडे आला. दर दहा-बारा दिवसांनी गोठवलेला उंदीर फ्रीजमध्ये वितळवायचा, कोमट पाण्यात ऊबदार करायचा, चिमट्याने पुढे करायचा. खाल्ल्यावर दोन दिवस त्याला हात लावायचा नाही. साप माणसावर प्रेम करतो का, असं पाहुणे विचारायचे. मला ओळखायचा की नाही, सांगता येत नाही. माझ्या हातावर तो आखडत नसे, संथपणे मनगटाभोवती फिरत राही. मला त्याचा लळा होता आणि तेवढं पुरेसं होतं.

22 फेब्रुवारी 2023ला आग्नेय मिशिगनमध्ये बर्फाळ पाऊस झाला. फांद्या तारांवर पडल्या आणि लाखो घरांची वीज गेली, आमचीही. विजेवाचून भट्टीचा पंखा चालत नाही. पळसाने दोन दिवसांपूर्वीच खाल्लं होतं. रिकाम्या पोटी कॉर्न स्नेक बरीच थंडी काढतो, पण भरल्या पोटी गारठला तर अन्न पचत नाही, सडतं, उलटून पडतं. त्याला उशीच्या अभ्र्यात घालून थर्माकोलच्या पेटीत ठेवला, बाजूला टॉवेलात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्या, मध्ये थर्मामीटर. गॅसची शेगडी काडीने पेटत होती. मी आणि बायको रात्री पाळीपाळीने उठून पाणी बदलत राहिलो. लेक शिकागोहून फोनवर आकडा विचारायची: सव्वीस, पंचवीस, पुन्हा सत्तावीस. त्याने उंदीर पचवला.

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये तो गेला. पंधरा-वीस वर्षांचं आयुष्य म्हणतात, त्याला साडेपंधरा मिळाली. आधी खाणं मंदावलं, मग थांबलं. डॉक्टरांनी वय झालं म्हणून सांगितलं. लेक आली होती. अंगणातली माती नुकतीच मोकळी झाली होती, तिनेच खणलं. मी रडलो.

कपाट समोरच्या घरातल्या मुलाने मागून नेलं. त्याआधी आम्ही ते रिकामं करून घासलं, आतून पुन्हा पॉलियुरेथेनचा हात दिला. खालच्या पट्टीची खाच झिजली होती, ती बदलली. थर्मोस्टॅट जुना झाला होता, तो नवा घ्यायला लावला. सेन्सर कुठे बांधायचा ते लेकीने त्याला स्वतः दाखवलं. त्याच्याकडे किंगस्नेक आहे. तो इतर सापांनाही खातो, म्हणून त्या चार फुटांत तो एकटाच राहतो.